एउलालियाबाईंचा नवस

निल्दाचा गुडघा मोडला तेव्हा तिची आई एउलालियाबाई संत फ्रान्सिसला नवस बोलल्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काय बोलल्या, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे बरा झालेला अवयव लाकडात कोरून चर्चमध्ये टांगतात. म्हणून निल्दा वर्षभराने साओ पाउलोहून घरी आली ती सुताराकडून लाकडी पाय करून घेऊनच. ब्राझीलच्या महिला फुटबॉल संघाने तिला परत बोलावलं होतं. आघाडीवर खेळायला, बहुधा तिच्या शेवटच्या विश्वचषकासाठी.

मी शेजारी. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. त्या दुपारी मी त्यांच्या ओट्यावर कॉफी पीत बसलो होतो.

"हा पाय कशाला?" कसाव्याचे कंद सोलता सोलता बाई म्हणाल्या. "मी पाय बोलले नव्हते. पोर सरळ चालू लागली तर पुन्हा मैदानात उतरणार नाही, असं बोलले होते."

"कोण उतरणार नाही? मी?"

"मग काय, मी खेळते?"

"पाय माझा, खेळ माझा, आणि शब्द देऊन आलीस तू!"

"पाच वर्षांची असताना तापातून उठलीस, तेव्हा माझ्या नवसापायी वर्षभर संताचा तपकिरी झगा घातलास ना? तेव्हा विचारलं होतं तुला?"

"घातला. आणि त्याच झग्यात पोरांबरोबर चेंडू मारला. तुझा मारही खाल्ला."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "दवाखान्यात तू उशीत तोंड खुपसून ओरडत होतीस, निल्दा. मला ते परत बघवणार नाही."

निल्दा माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही एवढं वाचलंय. सांगा ना काहीतरी."

"फादरना विचारू या," मी म्हणालो.

फादर झेफेरिनोंनी सगळं ऐकून घेतलं. "दुसऱ्याच्या पायावर बोललेला नवस त्या दुसऱ्याला बांधत नाही, एउलालिया. बोललीस तू, फेडायचा तू. तुला प्रिय असेल ते दे."

लेकीचा एकही सामना बाईंनी कधी चुकवला नव्हता. टीव्हीसमोर बसून पंचांना त्या घालायच्या त्या शिव्या मला लिहवणार नाहीत.

"हिचा खेळ दिला," त्या म्हणाल्या. "बघणार नाही, ऐकणार नाही, निकाल विचारणार नाही. ही खेळणं सोडेपर्यंत."

"आई, नको गं."

"तू गप्प बस. आता नवस माझा आहे."

विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याला गल्ली समोरच्या घरात जमली. गोल झाला की आमच्याकडे दारूचे बाण उडतात. "बाण उडाले तर बाईंना कळेल, नवस मोडेल," कुणीतरी म्हणालं. बाण कपाटात गेले, दारं-खिडक्या लागल्या. उत्तरार्धात निल्दा डावीकडून दोघींना चकवत आत घुसली आणि तिने गोल केला. सामन्यातला तो एकच. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, तोंडावर हात दाबून. कुणाच्या घशातून आवाज निघाला नाही.

सामना संपल्यावर मी बाहेर आलो. बाई ओट्यावर बसल्या होत्या. गल्लीतली शांतता त्यांनी ऐकली होती आणि तिचा अर्थही लावला होता.

"काही सांगू नका, मास्तर."

चेहऱ्यावरून कळेल म्हणून मी मान खाली घातली.

"पोर मैदानातून चालत बाहेर आली ना? एवढं विचारलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. मला खात्री नव्हती. "आली चालत."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"हरली की जेवत नाही ती," असं पुटपुटत त्या लेकीला फोन करायला आत गेल्या. मी त्यांना अडवलं नाही.