काचेमागचा पलंग

नॉर्मन टिमिन्सचे पाय गेले, तेव्हा हिल्डाने दुकान बंद केलं आणि नवऱ्याचा पलंग खाली दुकानातच लावला. वरचा जिना इतका अरुंद आणि वळणाचा, की त्याला उचलून नेणं कुणालाच जमलं नसतं.

आमच्या वेनब्रिजमधलं ते घर फार जुनं. वरती काळ्या पडलेल्या ओकच्या तुळया, आणि खाली नॉर्मनच्या पणजोबांनी रस्त्याकडची भिंत पाडून बसवलेली दुकानाची भलीमोठी काच. तिच्यामागे टिमिन्स मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या लोकर आणि बटणं विकली. मी समोरच्या बेकरीत असायचे. मला सगळं दिसायचं; आतलं बोलणं नंतर नॉर्मनकडून कळायचं.

हिल्डाला काच काढून भिंत हवी होती. जुन्या इमारती जपणारे सरकारी अधिकारी प्रोथेरो आले, कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावरून हात फिरवत म्हणाले, "हे हलवता येणार नाही."

"वरचं घर जुनं, कबूल. पण हे तर मागाहून बसवलंय!"

"मागाहूनचंही आता जुनं झालंय, मिसेस टिमिन्स. शिवाय वरचा भार या खांबांवरच आहे."

"भार माझ्यावरही आहे. मला जपायला कोण येतंय?"

प्रोथेरो वही मिटून निघून गेले.

मग तिने जाड पडदे लावले. नॉर्मन वैतागला. "मी अजून मेलो नाहीये, हिल्डा. उघड ते."

"तुझं भांडं रिकामं करताना मला अख्ख्या गावाने बघायचं का?"

"गावाला दुसरी कामं आहेत."

रोजचंच झालं होतं हे. एका बाजाराच्या दिवशी ती भांडून भांडून दमली. पडदे बाजूला सरकवले आणि शेजारच्या खुर्चीत मटकन बसली. बसल्या जागी झोप लागली तिला; तोंड उघडं, केस विस्कटलेले, एक चप्पल गळून पडलेली. तिला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बाजारातून येणारी माणसं काचेपाशी थबकत होती. एका बाईंनी पांढरी लोकर मागायला काचेवर टकटक करायला हात उचलला, तेवढ्यात नॉर्मनने ओठांवर बोट ठेवलं. बाई टाचा उचलत निघून गेल्या. नंतर आलेल्या प्रत्येकाला त्याने तसंच गप्प केलं. चांगला तासभर.

जाग आल्यावर हिल्डाने चप्पल शोधली, रस्त्याकडे बघितलं. "किती जणांनी पाहिलं मला?"

"कुणी नाही," नॉर्मन म्हणाला.

तिला ते खरं वाटलं नसावं. पण ती चहा ठेवायला उठली, आणि पडदे तसेच राहिले.