बदकरावांचा मुक्काम

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बदकराव घरात नाहीत हे उघड झालं. लेकीने दप्तर पालथं केलं, पलंगाखाली झाडू फिरवला, फ्रिज उघडून बघितला. मग ती बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत तिचा बाप तोंडभर फेस घेऊन दात घासत होता.

"बाबा, घाबरू नको," ती म्हणाली. "पण घाबरण्यासारखं आहे."

बदकराव म्हणजे पहिलीच्या वर्गाचं कापडी बदक. पोट दाबलं की ते असं ओरडायचं, की खऱ्या बदकाने मान खाली घालावी. दर शुक्रवारी ते एका मुलाच्या घरी मुक्कामाला जायचं आणि सोमवारी वहीसकट परत यायचं. पाहुण्यांनी काय काय केलं ते घरच्यांनी वहीत लिहायचं. वर्ष सुरू होताना बाईंनी पालकांना बोलावून एक कागद वाटला होता, त्यात वर्षभरात काय काय होणार ते सगळं होतं. दात पडतील. डब्यांची झाकणं हरवतील. रोज वीस मिनिटं वाचून घ्यावं लागेल. भांडणं होतील, ती मुलंच मिटवतील, मोठ्यांनी मध्ये पडू नये. आणि बदकराव प्रत्येकाकडे एकदा येतील. "कागदावर नाही ते तोंडी सांगते," बाई म्हणाल्या होत्या. "तुमचं मूल घरी एक असतं आणि इथे दुसरंच. दोन्ही खरी असतात." लेकीचा बाप सोफे बनवायचा; त्या सोफेवाल्याने कागदाची घडी करून खिशात घातली. असले कागद वाचणं हे घरात बायकोचं काम होतं, आणि तिला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

"शेवटचं कुठे ठेवलं होतंस?" त्याने फेसातून विचारलं.

"ठेवलं नाही, झोपवलं. काल दुपारी, तुझ्या कामाच्या खोलीत."

"कशात?"

"तो लाकडी खोका होता ना, मोठ्या खुर्चीला चिकटलेला. खाली कापूस घातला, वर कापूस घातला. गुदमरू नयेत म्हणून चोच बाहेर ठेवली."

फेस हनुवटीवरून बनियनवर उतरला. तो खोका नव्हता. दातांच्या डॉक्टरांच्या सोफ्याचा डावा हात होता.

काल जेवून आल्यावर त्याने आत डोकावून बघितलं होतं. कापूस भरलेला दिसला. आपणच भरला असेल, असं त्याला वाटलं. हल्ली हे असंच चाललं होतं. चहा केलेला सापडायचा, कपडे भिजवलेले सापडायचे. बायको होती तेव्हा ती सांगायची, "तूच केलंस, तासापूर्वी." आता सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून जे काही अर्धवट दिसेल ते आपलंच असं धरून तो पुढच्या कामाला लागायचा. पिवळं काहीतरी वर आलेलं दिसलं होतं खरं. फोमचा तुकडा समजून त्याने ते अंगठ्याने आत दाबलं. त्यावर गोणपाट, त्यावर फोम, त्यावर हिरवं मखमली कापड, आणि कडेने शंभर-सव्वाशे पिना. चार वाजता सोफा टेम्पोतून गेला. वाटेत टेम्पोवाला म्हणालासुद्धा, "मागून काहीतरी वाजतंय." तेव्हा दोघांनी उतरून चांगली दहा मिनिटं इंजिन तपासलं होतं.

"बाईंना सांगू का मी," तो म्हणाला, "की दोन दिवसांत आणून देतो?"

"नको." लेक दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "वर्गात मी आधीच आई नसलेली आहे. आता बदक हरवलेली पण होऊ?"

त्याने तोंड धुतलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि स्कूटर काढली. शाळेची घंटा साडेआठला व्हायची.

दवाखाना नुकताच उघडला होता. नव्या सोफ्याच्या उजव्या टोकाला, शक्य तितकी अंग चोरून, गाल सुजलेल्या एक आजी बसल्या होत्या. डॉक्टर हाताची घडी घालून समोर उभे होते.

"या," ते म्हणाले. "तुम्हालाच फोन करणार होतो. तुमचा सोफा बोलतो."

"बोलतो म्हणजे..."

डॉक्टरांनी डाव्या हातावर कोपर टेकवलं. सोफा "पॅक्" म्हणाला.

"कालपासून हे असं. बायको म्हणते, तुम्ही टेकलात की जास्त ओरडतो, वजन कमी करा."

"मला वाटलं, आत कोणाचा तरी दात काढतायत," आजी म्हणाल्या. "दोनदा उठून घरी निघाले होते."

लेक सोफ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि मखमलीला तोंड लावून म्हणाली, "बदकराव, आम्ही आलोय. बाबावर रागावू नका. त्याचं लक्ष नसतं हल्ली."

"बदकराव कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या वर्गात असतात. आत झोपलेत."

डॉक्टरांनी सोफेवाल्याकडे बघितलं, खराब एक्स-रेकडे बघावं तसं.

"काढावं लागेल," सोफेवाला पुटपुटला.

"दुखेल का त्यांना?" लेकीने विचारलं.

"अजिबात नाही," डॉक्टर सवयीने म्हणाले.

"असंच सांगतात," आजी म्हणाल्या.

आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती. पिना खोल बसल्या होत्या. सोफेवाल्याचं काम पक्कं असायचं, आणि त्याचा त्याला आज पहिल्यांदा पस्तावा होत होता. पक्कड घसरायला लागली तेव्हा डॉक्टर आत गेले आणि दात काढायचा चिमटा घेऊन आले. मग एकाने कापड ताणून धरायचं आणि दुसऱ्याने पीन ओढायची, असं सुरू झालं. आजी गाल विसरून मोजत होत्या. "बावीस. तेवीस. अहो, ती वाकडी राहिली." एकतिसाव्या पिनेला सोफेवाल्याचा हात आत गेला आणि बदकराव बाहेर आले. चोच चपटी, अंगभर कापूस, चेहरा नुकताच झोपेतून उठवल्यासारखा.

डॉक्टरांनी चोच दोन बोटांत धरून हलवून बघितली. "वाकडी आहे, पण पडायची नाही."

शाळेच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा घंटेला चार मिनिटं होती, आणि वही कोरी होती. आधीच्या पानांवर समुद्र होता, विमानतळ होता, घोड्यावर बसलेल्या बदकरावांचा फोटो चिकटवलेला होता. सोफेवाल्याने स्कूटरच्या सीटवर वही ठेवली आणि लिहिलं: "शनिवारी काही केलं नाही. रविवारी दुपारी पाहुणे झोपले. झोपेत असताना मी त्यांना सोफ्यात शिवून टाकलं. चूक माझी आहे, मुलीची नाही. सोमवारी दातांच्या डॉक्टरांनी सोडवलं." खाली सही केली. लेकीने वाचून बघितलं, मान डोलावली आणि पळाली.

दुपारी तो न्यायला गेला तेव्हा फाटकाशी पहिलीचा अर्धा वर्ग त्याची वाट बघत उभा होता.

"तुम्हीच का ते शिवणारे?" एका दोन वेण्यांवालीने विचारलं.

"हो."

"माझा लहान भाऊ शिवाल का?"

"किती मोठा आहे?"

"दोन वर्षांचा. पण चावतो."

"मग नाही जमणार," सोफेवाला म्हणाला. "कापड फाटेल."

तिला ते पटलं. बाई मागे उभ्या होत्या. वर्गाने ते पान तीनदा वाचायला लावलं, असं त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या शुक्रवारी बदकराव ज्याच्या घरी जाणार आहेत त्याने आईला विचारून ठेवलंय, आपल्याकडे सोफा का नाही म्हणून.

लेक स्कूटरवर मागे बसली. पहिलं वळण मागे पडलं. मग म्हणाली, "मला आता सोफ्यातल्या बदकाची म्हणतात."

"आणि ते दुसरं?"

"ते पण आहेच. पण ते दोन नंबरला गेलं."

आरशात बघितलं तर ती रस्त्यावरच्या लोकांना हात करत होती, जणू सगळ्यांना कळलेलंच आहे.

घरी पोहोचतात तोच डॉक्टरांचा फोन आला. रोगी आता भोकात हात घालून बसतात, आजींचा चष्मा आत पडला होता तो निघाला, पण आणखी कोणाची तरी किल्ली गेली आहे. सोफेवाला म्हणाला, उद्या येतो.

सोफ्याचा डावा हात अजून उघडाच आहे. शिवायचा राहिला आहे.