चिंचेच्या पाण्यातलं इंजिन

मी बोलतोय, पण धक्क्यातून अजून सावरलो नाही, तेवढं सांभाळून घ्या. मी एक इंजिन. तळहातावर मावेन एवढा, पण मला खेळणं म्हणाल तर राग येईल. जन्म विलायतेतला, सत्तर वर्षांपूर्वीचा. कोणा साहेबाच्या सामानातून रायपूरला आलो आणि शेवटी तिथल्याच बूढापारा मोहल्ल्यात एका कबाड्याच्या पोत्यात पडलो. तिथून मला शेखररावांनी उचललं.

शेखरराव रेल्वेत सिग्नल फिटर होते. मूळचे वर्ध्याकडचे, पण सगळी हयात इथेच गेली. इथली खरी छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, बंद झाली, तेव्हा त्यांनी गच्चीवरच्या खोलीत प्लायवूडवर तीच मांडली. तेलीबांधा, अभनपूर, सगळी स्टेशनं. माझ्या मोटारीला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजलेला, बाजारात कुठेच मिळेना. तर या गृहस्थाने टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बनची कांडी कानशीने घासून घासून बसवली. पोटच्या पोराचंही कोणी एवढं करत नाही.

त्यांच्या पत्नी, वनमालाबाई, गच्चीवर कपडे वाळवायला आल्या की हमखास म्हणायच्या, "साठीचं पोट्टं खेळून राहिलं वाटते." शेखरराव आपले रूळ पुसत राहायचे.

खंडेनवमीला यशवंतराव येणार होते. त्या लाईनवर तीस वर्षं गाडी चालवलेले, अभनपूरला राहणारे. लाईन बंद पडल्यापासून माणूस घराबाहेर पडत नव्हता. "खरंच चालते का? मग येतो," असं ते फोनवर म्हणाले, आणि शेखरराव सकाळीच त्यांना आणायला गेले.

इकडे वनमालाबाई वर आल्या. मला उचललं, खाली नेलं आणि काय सांगू तुम्हाला, सरळ चिंचेच्या पाण्यात बुडवलं! मी पार हबकलो. अहो, माझ्या पोटात दोऱ्याने गुंडाळलेल्या बारीक तारेची कॉइल आहे. बाई आपल्या चोथ्याने माझा पितळी घुमट घासतायत, पदराने पुसतायत, उन्हात ठेवतायत. वरून मी लख्ख झालो आणि आत पाणी तसंच. ओरडावं तर तोंड नाही.

दुपारी दोघे मित्र आले. मी हळदकुंकू लावून रुळावर उभा. "पूजा केली वाटते," शेखरराव हसले. घाईत आणखी काही विचारलं नाही. यशवंतराव वाकून बघत होते, आणि कधी नव्हे त्या वनमालाबाईही दारात उभ्या होत्या. नका हो बटण फिरवू, मी मनात विनवत होतो.

फिरवलंच. तेलीबांधा सोडून हातभर गेलो असेन नसेन, पोटात चर्र झालं, धूर निघाला, जळका वास सुटला.

"मीच धुतलं," वनमालाबाई दारातूनच म्हणाल्या. "तुमचे पाने, पेचकस धुवून राहिली होती, त्याच्यासंग हेही धुतलं. पूजेत मांडाले."

आता घर डोक्यावर घेतील, मला वाटलं. शेखरराव स्टूल ओढून बसले आणि म्हणाले,

"अवजारासंग मांडलं याले?"

"मग कुठी मांडू? तुमचंच अवजार नं हे."

धुराने बसला नसेल एवढा धक्का शेखररावांना त्या वाक्याने बसला होता. यशवंतराव मात्र पुढे झाले आणि मला बोटाने ढकलत अभनपूरपर्यंत घेऊन गेले. "आमच्याही इंजिनाले लोकायनं धक्के मारले आहेत, भाऊ," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

आज मी वर्तमानपत्रावर सुटा पडलो आहे. शेखरराव जळकी तार उलगडतायत, तिचं टोक चिमटीत धरून वनमालाबाई समोर बसल्या आहेत. एवढी बारीक तार पुन्हा मिळेल की नाही, मी धावेन की नाही, कोणालाच माहीत नाही. माझी एकच विनंती आहे, बाई. पुढच्या वर्षीही मला पान्या-पेचकसांच्या पंगतीत मांडा. फक्त कोरडं मांडा.