हँडब्रेक आणि चाकामागचा दगड

मित्रांनो, जुना असलो तरी मी हँडब्रेक आहे, खुंटी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी गाडीत बसल्या बसल्या माझ्यावर शाळेच्या पिशव्या अडकवलेल्या आहेत. माझ्या मुठीखाली च्युइंग गमचा एक गोळा वाळून खडखडीत झालाय, तोही तुमच्यापैकीच एका शहाण्याचा. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. फार जवळीक समजू नका.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाची पट्टी वाकवून माझा दांडा केला, पोटात दाते बसवले, डोक्यावर बटण आणि मुठीला काळं रबर. मला वर ओढलं की दाते कटकट करत चढतात, गाडीच्या पोटाखालून गेलेल्या तारा ताणल्या जातात आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी गच्च होतात. बस्स. तेल नको, नळ्या नकोत, नखरे नकोत. नाहीतर तो पायाखालचा ब्रेक! जन्मभर बूट खातो, पण तोरा काय वर्णावा. अंगात तेल भरलं तरच तो हलणार. आणि भोंग्याबद्दल तर मी बोलतच नाही. ज्याला नुसतं ओरडता येतं, त्याच्याबद्दल बोलायचं तरी काय?

माझी व्हॅन एका लाँड्रीवाल्यांनी घेतली. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कुणाकुणाचे कोट, असं सगळं आमच्या पाठीवर असायचं. गाडीला कायम इस्त्रीचा वास. मालकांचं घर चढावर होतं. फाटकातून आत शिरलं की दारापर्यंत सरळ चढण. तिथे गाडी उभी करायची म्हणजे माझीच परीक्षा. मालक मला जोरात ओढायचे आणि म्हणायचे, "धर रे बाबा." मी धरायचो. कधी इंचभर सोडली नाही.

आणि मग मालक काय करायचे? खाली उतरून मागच्या चाकामागे दगड लावायचे!

दगड! माझ्या नाकावर टिच्चून! काळा, तिकोनी, एका अंगाला चुन्याचा डाग पडलेला ठोंब्या. ना त्याला दाते, ना तार, ना अक्कल. दिवसभर उन्हात लोळायचं आणि संध्याकाळी आयतं येऊन चाकाला टेकायचं. काम करायचं मी आणि भरवसा ठेवायचा त्याच्यावर, हा कुठला न्याय? मी त्याच्याशी कधी एक शब्द बोललो नाही.

पुढे मालकांचा गुडघा गेला. हातात काठी आली आणि लाँड्री लेकीने सांभाळली. कामाच्या बायका तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताईचा हात चांगला आहे. ती मला विसरत नाही. पण वडिलांची खोड तिनेही उचलली. मला ओढायचं, उतरायचं आणि दगड लावायचा. संशय घराण्यातच असावा.

हे सगळं चालू असताना माझ्या एका तारेला गंज चढत होता. गाडीखाली वाकून बघायला कुणाला वेळ होता? गाडी पुसायचे, आरसे पुसायचे, भोंग्याची जाळीसुद्धा पुसायचे. तारांना तेलाचा थेंब नाही. मीही मानी. कुरकुर करणं मला जमत नाही.

अशात पुढचे ब्रेक किंचाळायला लागले. सिग्नलला थांबलं की लोक वळून बघायचे. त्याच आठवड्यात ताईचा मोठा भाऊ सुटीवर घरी आला होता. त्याला मी उस्ताद म्हणतो, का ते कळेलच. ताई गाडी गॅरेजला टाकायला निघाली, तर हा आडवा आला.

"गॅरेज? मी घरात असताना? अगं, ब्रेक बदलणं म्हणजे काय रॉकेट सोडणं आहे? मी व्हिडिओ बघितलाय."

बघितला होता खरा. जेवताना, एका हाताने.

मालक ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "अरे, निदान सपाटीवर तरी घे गाडी. चढावर कुठे काम करतोस?"

"बाबा, तुम्ही निवांत बसा. काही होत नाही."

ही 'काही होत नाही' म्हणणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांचं खरंच काही होत नाही. होतं ते शेजारच्याचं.

तर मला ओढून ठेवलं, चाकामागे तो ठोंब्या लावला आणि गाडीचं तोंड जॅकवर चढलं. उस्तादांनी चाक आधी वर उचललं आणि मग नट सोडायला घेतले. हवेतलं चाक नटाबरोबर गरागरा फिरायला लागलं. पुन्हा खाली घेतलं. मग चाकाच्या चकतीला पकडणारा ब्रेकचा जबडा काढला आणि तेलाच्या नळीवर तसाच लोंबकळत सोडला. ताईने धावत जाऊन गाठोडं बांधायच्या नाडीने तो वर बांधला. उस्ताद म्हणाले, "तेच सांगणार होतो." जबड्यातली जुनी पॅडं झिजून निव्वळ पत्रा उरला होता. नवी बसायला जागा हवी, म्हणून जबड्यातला पिस्टन शिकंजा लावून मागे रेटला. एका बाजूचं झालं, दुसऱ्या बाजूचं झालं, चाकं चढली. उस्तादांनी हात पुसले आणि चाकाजवळ बसून स्वतःचा फोटो काढला.

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट उस्तादांनी ऐकली नव्हती. पिस्टन मागे रेटला की पॅड आणि चकतीच्या मध्ये फट राहते. गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून ती फट मिटवायची असते. पेडल पायाला कडक लागलं की मगच पुढचं. व्हिडिओत हे शेवटी सांगितलं होतं. पण चाक चढलेलं दिसलं आणि उस्तादांनी व्हिडिओ बंद केला.

"अगं, बस गाडीत. रस्त्यावर एक चक्कर मारून ये. बाबा, तुम्ही फाटकापाशी उभे राहा, मागून कुणी येतंय का बघा."

मालक काठी टेकत खाली गेले आणि फाटकात उभे राहिले. बरोबर गाडीच्या मागे. उस्तादांनी चाकामागचा दगड बुटाने उडवला. "आता याची काय गरज?" दगड गडगडत उतारावरून फाटकापर्यंत गेला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ताईने गाडी सुरू केली, पेडलवर नुसता पाय ठेवला आणि मला खाली सोडलं. गाडी मागे सरकली. तिने पाय दाबला. पेडल थेट तळाला गेलं, लोण्यात सुरी जावी तसं. तो पायाखालचा तोरेबाज कुठे होता, कुणास ठाऊक. ताईने आरशात पाहिलं. आरशात वडील होते.

"बाबा, सरका!"

मालक कसले सरकतात त्या गुडघ्याने?

ताईने दोन्ही हातांनी मला ओढलं. मित्रांनो, असं मला कुणी कधी ओढलं नव्हतं. दाते कडाडले. डावी तार ताणली गेली, डावं चाक घासलं. उजवी तार गंजून आखडली होती, ती ओढच घेईना. गाडी मंदावली. मंदावली, पण थांबली नाही. मी जीव तोडून धरलं होतं आणि तरी ती इंच इंच खाली जात होती. माझ्या आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नाही.

मालकांनी आरडाओरडा केला नाही. पायाशी घरंगळून आलेला दगड त्यांनी काठीने चाकाखाली ढकलला आणि फाटकाच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले. चाक दगडावर चढू पाहत होतं. दगड हलला नाही. गाडी थांबली. मालकांच्या छातीत आणि मागच्या दारात वीतभर अंतर होतं.

उस्ताद टाळ्या वाजवत आले. "बघितलंस? लागले की नाही ब्रेक? एकदम कडक!"

ताई उतरली. आधी ती वडिलांकडे गेली, त्यांचे खांदे, हात चाचपून पाहिले. "मला काही झालं नाही गं," ते म्हणाले. मग ती भावाकडे वळली.

"दादा, आत बस. पेडल दाब."

तो हसत बसला. दाबलं. पेडल तळाला गेलं. हसू तिथेच राहिलं आणि चेहरा उतरला. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. तेव्हा कुठे ते कडक झालं. मग तो खाली आला, वडिलांसमोर उभा राहिला. तोंडातून नुसतं "बाबा" निघालं.

मालक म्हणाले, "आधी तो दगड नीट लाव."

त्याने गुडघे टेकून लावला.

गाडी मी थांबवली असं सांगायला मला आवडलं असतं. पण माझ्यामुळे ती मंदावली, एवढंच. थांबवली त्या चुना लागलेल्या ठोंब्याने. आता माझ्या दोन्ही तारा नव्या आहेत आणि ताई स्वतः वाकून त्यांना तेल देते. दगड आता उन्हात लोळत नाही. पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून तो माझ्या शेजारच्या खाचेत ठेवलेला असतो, जाऊ तिथे सोबत.

तर मित्रांनो, मोठे होऊन गाड्या चालवाल. मी काही हात जोडणार नाही, मला हात नाहीत. पण माझ्या तारांना तेल द्या. ब्रेकचं काम केलंत तर पेडल कडक लागेपर्यंत दाबा आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. आणि चढावर दगड लावा. लाजू नका, लावा.

आम्ही दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नाही. पण वळणावर तो माझ्या अंगावर कलतो, आणि मी त्याला कलू देतो.