पदराची गाठ

रेव्हरंड राजाराम भांबळ मूळचे अहमदनगरचे. मान वाकवायची ती प्रार्थनेपुरती, असा त्यांचा खाक्या. अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या छोट्या अँग्लिकन चर्चमध्ये त्यांची अकरा वर्षं सुरळीत गेली आणि २००६च्या उन्हाळ्यात एका पदराच्या गाठीने त्यांचं नाव गावभर झालं.

शरयूकाकू हिंदू. शेजारणीबरोबर चर्चला येऊ लागल्या, एका रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेतही उभ्या राहिल्या. भाकर ओंजळीत पडली तशी त्यांनी ती कपाळाला लावली आणि तोंडात न घालता पदराला बांधली. घरी त्यांचे यजमान विष्णूकाका अंथरुणाला खिळलेले. प्रसाद कुणी एकट्याने खातं का? पण मागच्या बाकावरच्या एका बाईंनी ते पाहिलं. बाप्तिस्मा नसलेल्या बाईला पवित्र भाकर दिली आणि तिने ती चक्क पळवली, अशी तक्रार बिशपांकडे गेली. दोन दिवसांत पेपरातही आली.

बिशपांनी माफीपत्र तयारच करून पाठवलं. त्यात राजारामांच्या तोंडी घातलेलं: शरयूबाईंनी धर्म लपवला, माझी फसवणूक झाली. खाली सही केली की प्रकरण मिटलं, नाहीतर येता रविवार शेवटचा.

"अहो, साइन करून टाका ना," बायको कांचन म्हणाली. "राहतं घरसुद्धा चर्चचं आहे आपलं. काकूंचं काय बिघडणार आहे?"

"त्यांचं कुंकू मला दिसत नव्हतं का? माझ्या पगारासाठी म्हातारीला लबाड ठरवू?"

कांचन उठली. तिने त्यांचा पांढरा झगा इस्त्रीला घेतला.

रविवारी चर्च खचाखच भरलं. तमाशा असला की ह्यूस्टनचं ऊनही कुणाला लागत नाही. राजारामांनी पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "हे खोटं आहे. मी जाणूनबुजून दिलं. गाठ मारतानाही पाहिलं होतं." पुढच्या बाकावर बिशपांचा माणूस लिहून घेत होता. घ्या लिहून, राजाराम मनात म्हणाले, स्पेलिंग तेवढं नीट करा.

रांगेच्या शेवटी शरयूकाकू आल्या. हात जोडलेलेच.

"फादर, मी घ्यायला नाही आले. माझ्यापायी तुमची नोकरी जाते म्हणे. माफी मागायला आले."

"हात पुढे करा, काकू."

त्यांनी भीत भीत ओंजळ केली. राजारामांनी एक भाकर ठेवली.

"ही तुमची. इथेच खा."

मग सगळ्यांना दिसेल अशी दुसरी ठेवली.

"आणि ही काकांची. गाठ घट्ट मारा."