चिंचेपासून वळणापर्यंत

आमच्या गावाचा उतार चारशे दहा मीटर लांब आहे. मी तो दोनदा मोजला, एकदा दोरीने आणि एकदा सायकलच्या चाकाला खडूची खूण करून. दोन मापांत तीन मीटरचा फरक आला, तो मी दोरीच्या ताणावर ढकलला.

हा उतार पूर्वी कच्चा होता. २०१६च्या दसऱ्याला तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले. निर्मल वेगळं झालं, बासरची सरस्वती दुसऱ्या जिल्ह्यात गेली, आणि आमचं गाव एका नव्या मंडलात, म्हणजे तालुक्यात, पडलं. मंडल ऑफिसची पाटी रंगवून व्हायच्या आधी हायवेपासून गावापर्यंत डांबर पडलं. गावाला त्याचं कौतुक चार दिवस होतं. पाचव्या दिवशी माझी धाकटी बहीण तुळजा त्यावर उताणी पडली.

तुळजा सतरा वर्षांची, आदिलाबादला इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. तिथले खेळाचे रमणा सर कधीकाळी हिमाचलात ल्यूज शिकून आले होते. बर्फाच्या घळीतून बुटक्या घसरगाडीवर उताणं पडून, पाय पुढे करून सुटायचं, असा तो खेळ. बर्फ नसेल तिथे गाडीला चाकं लावून डांबरावर सराव करतात. सुकाणू नाही, ब्रेकही नाही. पोटऱ्यांनी आणि खांद्यांनी गाडी वळवायची, बुटांच्या तळव्यांनी थांबवायची. सरांनी कॉलेजातल्या अकरा मुलींना गाडीवर बसवून पाहिलं. दहा जणी घाबरून उठून बसल्या. तुळजा पडून राहिली. सरांनी एक गाडी तिला घरी नेऊ दिली आणि नव्या जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव लिहिलं. त्या यादीत तेवढं एकच नाव होतं.

जानेवारीत हैदराबादला निवड होती. पहिल्या तिघी हिमाचलच्या बर्फावर जाणार होत्या. हातात तीन आठवडे होते आणि उतार एकच. हायवेवर ट्रक, आणि बाकी सगळीकडे कापसाची सपाट रानं.

मी तेव्हा बी.एस्सी. संपवून घरी होते. वेळ मोजायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात तुळजाचा वेळ अठ्ठेचाळीस सेकंदांच्या खाली येईना. शेवटी मी चाकं उघडली. आमच्या बापाने, डोमाजीने, काळजीपोटी बेअरिंगमध्ये बैलबंडीच्या आखाचं वंगण ठासून भरलं होतं. डिसेंबरच्या पहाटेला ते मेणासारखं घट्ट व्हायचं. मी ते रॉकेलने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब टाकले. वेळ बेचाळीसवर आला. बाप म्हणाला, "वंगणाशिवाय चाक जळते, पाह्यजो." चाक जळलं नाही, पण पांडुरंगराव पटेल तापले.

पांडुरंगरावांचा आजा निजामाच्या काळात गावचा पोलीस पटेल होता. पटेलकी गेली, नाव राहिलं. मारुतीच्या देवळाची कमिटी म्हणजे तेच. टेकडीवरून रस्ता येतो तो सरळ मारुतीवर येतो आणि देवळाच्या तीस मीटर आधी डावीकडे शाळेकडे वळतो. वरून चिंचेच्या झाडाने देऊळ झाकलेलं असतं. चिंच ओलांडली की समोर मारुती.

पटेल त्या सकाळी काठी आडवी धरून वळणावरच उभे राहिले. तुळजाने बूट घासत गाडी थांबवली.

"हे काय करून राह्यली व?"

"सराव, पटेलबाबा."

"उताणं पडून? मढं नेतेत तसं?"

"मढं चौघं नेतेत. मी एकटी जातो."

मागे उभ्या असलेल्या बाया हसल्या. पटेलांनी काठी आपटली. "अन् तुहे पाय कोनीकडं हायेत? देवाकडं! पायाचे तळवे मारुतीले दाखवत येतं रोज. उद्यापासून बंद. नाई तर तहसीलीत दरख्वास्त देतो."

"कोनत्या तहसीलीत, पटेलबाबा? जुन्या का नव्या? जुन्यातल्या फायली अजून नव्यात आल्या नाईत म्हनतेत."

हे तिने बोलायला नको होतं. पण तुळजाचं तोंडही तिच्या गाडीसारखंच, ब्रेक नसलेलं.

घरी बाप वांग्यांची पाटी बांधता बांधता म्हणाला, "पटेलशी वाकडं घेऊन गावात कसं राह्यचं? सोड ना बाई तो खेळ."

"नाई सोडत."

मालनबाई, आमची माय, भाकर थापत होती. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "पटेल खेळ बंद कर कायले म्हनाले? पाय देवाकडं हायेत म्हून. मंग पाय देवाकडं करू नका. बस."

बाप म्हणाला, "रस्ताच देवाकडं जाते तर पाय कुठं जातीन?"

मी मात्र वही काढली. चिंचेपासून देऊळ सत्तर मीटर. चिंचेपासून वळण चाळीस मीटर. रस्ता पाच मीटर रुंद. देवळाचा ओटा चार मीटर. तुळजा आतापर्यंत रस्त्याच्या मधोमध सरळ येत होती, म्हणजे पटेलांचं म्हणणं मापाने बरोबर होतं. पण चिंचेपाशी ती अगदी उजव्या कडेला असेल आणि तिथून तिरपी डाव्या कडेला आली, तर गाडीचा रोख रस्त्यापासून सात अंश सुटतो. ओट्याची डावी कड तीन अंश मागे राहते. चूक झालीच तर तेवढीच मोकळीक. उजव्या कडेला डांबर संपून सैल मुरूम लागतो, म्हणजे तिकडे चुकायला जागाच नाही.

तुळजाने वहीतली आकृती पाहिली आणि एकदम उठून बसली. "ताई, रमणा सर हेच तं सांगून राह्यले दोन हप्त्यांपासून! बाहेरून घुस, आतली कड पकड. मले जमतच नोहतं."

"आता जमवावं लागेल."

"जमवतो ना. पटेलच्या छातीवर जमवतो."

संध्याकाळी ती एकटीच देवळाच्या ओट्यावर गेली आणि पटेलांना म्हणाली, शनिवारी सगळ्या गावासमोर येते. चिंचेपासून खाली माझे पाय देवाकडे झाले तर गाडी सरांना परत देईन. नाही झाले तर उतार माझा.

"अन् पाह्यनार कोन? तुही बहीन?"

"बयनाबाई पाह्यतीन."

बयनाबाई म्हणजे देवळात झाडलोट करणारी सत्तरीची म्हातारी. दोन महिन्यांपूर्वीच तिचा मोतीबिंदू काढला होता आणि तेव्हापासून ती गावातल्या प्रत्येकाला त्याच्या चेहऱ्यावरचे डाग मोजून सांगत होती. ती म्हणाली, "मी वट्यावर मधोमध बसतो. दोनी तळवे सरळ दिसले का झाडू वर करीन." पटेलांना नाही म्हणता आलं नाही, शनिवारपर्यंतच्या सरावालाही त्यांनी सूट दिली.

चार दिवस पहाटे मी खडूने तिरपी रेघ मारली आणि तुळजा तीवरून उतरली. पहिल्या दिवशी सातपैकी पाच वेळा ती मुरमात गेली. चौथ्या दिवशी सातही वेळा रेघेवर आली.

पण शनिवारचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही. शनिवारी मारुतीला तेल असतं. बाया पहाटेपासून वाट्या, पळ्या, झाकण नसलेले डबे घेऊन शाळेकडून येतात, वळणाची आतली कड धरून. त्या दिवशी तर बघायला म्हणून अख्खं गाव लवकर आलं. एकेकीच्या वाटीतून दोन-चार थेंब, आणि नवीन डांबर तेल पीत नाही.

तुळजा वरून सुटली. चिंचेपाशी ती बरोबर उजव्या कडेला होती. मग गाडी तिरपी झाली, रेघेवर आली, आणि मी श्वास सोडला. वळणाच्या आतल्या कडेला चाकं तेलावर गेली. गाडी जागच्या जागी भिंगरीसारखी फिरली, अर्धी गिरकी घेऊन रस्त्याच्या मधोमध थांबली. तुळजाचे पाय टेकडीकडे, डोकं बरोब्बर मारुतीकडे.

सगळे ओट्याकडे वळले. मग बयनाबाई झाडू मांडीवरच ठेवून म्हणाली, "मले तळवे नाई दिसले. टोपडं दिसलं. पोरीनं देवापुढं डोकं ठेवलं, पांडुरंगा."

गाव हसलं. पटेलांच्या मिशाही हलल्या. "चला, मंजूर," ते म्हणाले. बापाने हात जोडले.

तुळजा उठली. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं होतं. हेल्मेट काढून ती म्हणाली, "मंजूर नाई."

"काय?"

"ते मी नाई केलं. तेलानं केलं. मी परत येतो."

"अवो, मंजूर म्हनाले ना ते!" बाप ओरडला. मीही तिच्या दंडाला धरलं. हातातला उतार ती पुन्हा पणाला लावत होती.

"सोड ताई. उद्या कोनी म्हनन, पडली म्हून सोडली. पटेलबाबा, झाडू वर झाला तं गाडी परत. बोलनं तेच हाय."

 "हट्टी हाय लेकाची," पटेल म्हणाले. "ये मंग."

ती गाडी डोक्यावर घेऊन चढ चढू लागली. कुणी मदतीला गेलं तर तिने हातानेच नको म्हटलं. इकडे बयनाबाईने देवळामागच्या चुलीतली राख घमेल्यात आणली आणि तेलावर पसरली. मालनबाई खराट्याने ती घासू लागली. मग तेल आणणाऱ्या दोघीतिघी, त्यांच्याच वाट्या बाजूला ठेवून, पायांनी राख रगडू लागल्या. पाच मिनिटांत वळण करडं आणि कोरडं झालं.

दुसऱ्या वेळी मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. चिंच, उजवी कड, तिरपी रेघ. वळणावर राखेचा ढग उठला आणि त्यातून गाडी शाळेच्या रस्त्याला लागली, पुढे जाऊन बूट घासत थांबली. मी ओट्याकडे वळले. झाडू खालीच होता. बयनाबाईने तो मांडीखाली दाबून धरला होता, चुकून वर जाऊ नये म्हणून.

घड्याळात चाळीस पूर्णांक सहा दशांश होतं. तोवरचा सगळ्यात कमी वेळ.

पटेल तिच्याजवळ चालत गेले. "अन् तिकडं निवडीत पडलीस तं?"

"तं उठीन. आत्ता पाह्यलं ना तुमी."

निवडीत ती पडली नाही. चौथी आली. घेतल्या तिघी. रविवारी रात्रीच्या बसने आम्ही परतलो, बाप स्टँडवर घ्यायला आला होता, त्याने गाडी डोक्यावर घेतली. सोमवारी पहाटे मी जागी झाले तेव्हा गाडी कोपऱ्यात नव्हती. मी घड्याळ घेऊन धावत उतारावर गेले.

पटेल दात घासत वळणावर उभे होते. "चौथी आली म्हनतेत," ते म्हणाले. "आता काऊन?"

वरून तुळजा ओरडली, "पुढच्या वर्षीसाठी! सरका, पटेलबाबा!"

ते सरकले. त्यानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम पाहायला गेले. तेलवाल्या बाया रस्त्याच्या बाहेरच्या कडेने येत होत्या, एकामागे एक, वाटी तळहाताने झाकून.