ती राजी असेल तर

मी चिमटी बोलतेय. उंची अंगठ्याएवढी, अंग धातूचं, धंदा चोरीचा. धंद्याचं फार मनावर घेऊ नका, माझी चोरी फक्त खेळातली आहे. टेबलावर मांडायच्या एका खेळातली मी बाहुली.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेला धातू ओतला, तो गार झाला, आणि एकाच तोंडवळ्याच्या आम्ही वीस-पंचवीस जणी जगात आलो. साच्यातून काढताना माझा सुरीचा हात वाकला. म्हणून दुकानदाराने मला काचेच्या कपाटात न ठेवता दारातल्या टोपलीत टाकलं. टोपलीत सगळे माझ्यासारखेच होते. एका राक्षसाला पंख नव्हता, एका स्वाराच्या घोड्याला शेपूट नव्हती. गिऱ्हाइकं येता-जाता टोपली ढवळत आणि पुढे जात.

मला उचललं ते चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने. दुपारच्या सुट्टीत तिने चष्म्याच्या काड्या वाकवायच्या पकडीने माझा हात सरळ केला. घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून, तीन केसांच्या कुंचल्याने मला रंगवलं. तपकिरी झगा, हिरवा पट्टा, आणि नाकावर चष्मा.

तिचे बाबा वजनमापं तपासणारे अधिकारी. बाजारातल्या दुकानांतले काटे खरे की खोटे ते पाहायचं, हे त्यांचं काम. ते मागे उभे राहून बघत होते.

"ही कोण?"

"चिमटी. चोर आहे."

"मी जन्मभर चोर पकडतोय आणि माझ्या घरात चोर रंगवले जातात. आणि चोराला चष्मा कशाला?"

"अंधारात काम असतं ना, बाबा."

ते हसले नाहीत. पण स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

दर शनिवारी दुपारी ती मला रुमालात गुंडाळून खेळाला न्यायची. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. दोन ट्रंकांवर जुनं दार आडवं टाकलेलं, तेच टेबल. खालून गरम कागदाचा वास यायचा. चौघंजण जमायची. भूगोल शिकवणाऱ्या बाई सूत्रधार. भुयारं, किल्ले, राक्षस सगळं त्यांनी रचायचं आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं. त्या पुठ्ठ्याचा एक पडदा समोर उभा करून बसायच्या आणि त्याच्या आड राक्षसांच्या वतीने फासे टाकायच्या. लिफ्ट दुरुस्त करणारा एक दांडगा माणूस ढालवाला योद्धा व्हायचा. औषधांच्या दुकानातला एक किडकिडीत माणूस जखमा बऱ्या करणारा साधू व्हायचा. त्याला सगळे वकील म्हणत, कारण नियमांचं जाडजूड पुस्तक तो उशीसारखं जवळ बाळगायचा.

खेळ सोपा आहे. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. भांडणं मात्र सोपी नसत. वाहत्या पाण्यात धनुष्य चालवता येतं का, झोपलेल्या राक्षसाच्या खिशात हात घालायला दोन फासे की एक, यावर तास जायचा.

"पुस्तकात लिहिलंय," वकील म्हणायचा.

"पुस्तकात लिहिणारा कधी पाण्यात उतरलाय का?" लिफ्टवाला म्हणायचा.

"तू उतरलायस?"

"मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय. तिथेही पाणीच असतं."

कोणी गैरहजर असलं, तर त्याची बाहुली घोडे सांभाळते, असा त्यांचा आपसातला रिवाज होता. टेबलाच्या कोपऱ्यात एक काडेपेटी ठेवलेली असायची. ते घोडे. त्यांच्याजवळ उभ्या बाहुलीला कोणी मारायचं नाही, तिच्याकडून कोणी काम घ्यायचं नाही. खेळणारा परतला की बाहुली आत यायची.

एका हिवाळ्यात माझ्या मुलीच्या हातावर उगाचच निळे डाग उठू लागले. रक्ताचा आजार निघाला. दवाखान्यात जाताना तिने मला त्या खोलीवर सोडलं आणि मी घोड्यांपाशी गेले. आधी सगळे विचारायचे, पुढच्या शनिवारी येईल का. मग विचारेनासे झाले. एका शनिवारी तिघं आली, पुस्तक उघडलं नाही, फासे काढले नाहीत. लिफ्टवाल्याने मला उचललं, काडेपेटीच्या आणखी जवळ ठेवलं आणि तोंड भिंतीकडे करून बसला. मला कळलं.

मला कोणी डब्यात ठेवलं नाही. महिने गेले, मी घोडे सांभाळत राहिले.

मग एका दुपारी तिचे बाबा जिना चढून आले. तिचे उरलेले रंग आणि कुंचले कोणाला हवेत का, हे विचारायला आले होते. टेबलाकडे पाहून म्हणाले, "ही इथे काय करतेय?"

"घोडे सांभाळतेय, काका," बाई म्हणाल्या.

"अजून?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तिच्या जागी मी बसलो तर चालेल का? नियमात बसतं का?"

वकिलाने पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. "बसतं, काका," तो म्हणाला.

अशी मी बाबांच्या हातात आले. त्यांनी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करावा तसा नियमांचा अभ्यास केला. खेळायला बसले की मला सगळ्यांच्या मागे ठेवायचे. "चिमटी मागे थांबते. आधी कानोसा घेते. छतावर काही आहे का, बघते. दोरी कमरेला बांधते." चोरी त्यांनी मला एकदाही करू दिली नाही. त्यांच्या घामेजल्या बोटांत मी असायचे तेव्हा मला कळायचं, हा माणूस खेळत नाहीये. ह्या माणसाला एकच हवंय. ही बाहुली पडू नये. आणि ती पडली नाही तर ते आपण सांभाळलं म्हणून, आपल्या हाताने.

मी पडत नव्हते. बाण सुटायचे, बाई पुठ्ठ्याच्या आड फासा टाकायच्या आणि म्हणायच्या, "चुकला." विंचू यायचे. "चुकला." लिफ्टवाला रक्तबंबाळ व्हायचा, वकील मरता मरता वाचायचा, माझ्या झग्याला ओरखडा नाही. बाबांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. येताना ते केळी आणायला लागले. एकदा तर लिफ्टवाल्याला म्हणाले, "तुझ्यापेक्षा माझी चोरटी हुशार."

पण ज्याचा जन्म काटे तपासण्यात गेला, त्याला किती दिवस फसवणार. एका शनिवारी एक अजगर माझ्यावर झेपावला आणि बाई म्हणाल्या, "चुकला."

बाबांनी मला खाली ठेवलं. "बाई, काटा कधीच हलत नसेल तर काटा अडकलेला असतो. तुमचा फासा बघू."

त्यांनी पुठ्ठा बाजूला केला. फाशावर एकोणीस होता.

बाईंनी मान खाली घातली. "काका, तिच्यावर वार करायला माझा हात उचलत नव्हता."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं ते रागावतील. ते खुर्चीत नीट बसले आणि ऑफिसात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "दवाखान्यात मला सांगायचे, तुम्ही बाहेर थांबा. आत काय चाललंय ते मला कधी कळलं नाही. इथे तरी मी आत आहे असं वाटत होतं. तुम्हीही मला बाहेरच बसवलंत."

लिफ्टवाला म्हणाला, "काका, आम्ही चांगल्यासाठीच..."

"तेही चांगल्यासाठीच म्हणायचे, रे."

त्यांनी पुठ्ठ्याची घडी घातली आणि जमिनीवर ठेवली. "आता उघड्यावर टाका. काय व्हायचं ते होऊ दे."

पुढच्या शनिवारी आम्ही एका कोठाराच्या दाराशी होतो. दाराला कुलूप होतं. बाबांनी मला उचललं आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे ठेवलं. "चिमटी कुलूप उघडते." फासा टाकला. अठरा. दार उघडलं आणि बाबा हसले, मोठ्याने, दात दिसतील असे. माझ्या मुलीचं हसू कुठून आलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी आत शिरले आणि दार मागे बंद झालं. आत भालेवाला होता. बाईंनी फासा उघड्यावर टाकला. वीस.

बाहुली पडली की तिला आडवं ठेवतात. बाबांनीच मला आडवं ठेवलं. आता नियम असा की पडलेल्याच्या वतीने दर खेपेला एक फासा टाकायचा. तीन चांगले आधी आले तर तो जगला, तीन वाईट आले तर गेला. लिफ्टवाला दार फोडायला धावला. त्याचा फासा दोनदा फसला. साधूचा हात बंद दारापलीकडे पोचत नव्हता. वकिलाने पानं इतकी जोरात उलटली की एक फाटलं. दारातून उपचार करता येतात असं कुठे लिहिलेलं त्याला सापडेना.

"टाकतो," बाबा म्हणाले. वाईट. मग चांगला. मग वाईट. ते फासा मुठीत धरून बराच वेळ बसले. मग त्यांनी तो टाकला नाही, नुसता सोडला.

वाईट.

वकील फाटलेलं पान जागेवर बसवत म्हणाला, "काका, एक नियम आहे. मेलेल्याला परत आणता येतं. मोठा विधी आहे, एक हिरा लागतो."

"विकत घेऊ," लिफ्टवाला लगेच म्हणाला. "माझी ढाल विका, तलवार विका. मी काठी घेऊन लढतो."

"करू या," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. "पुढच्या शनिवारीच करू."

"पूर्ण वाच," बाबा वकिलाला म्हणाले.

वकिलाने वाचलं. शेवटच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. "आत्मा परत यायला राजी असावा लागतो. राजी नसेल तर विधी फुकट जातो."

"ते कोण ठरवतं?"

"जो तिला खेळतो तो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"तिकडे डॉक्टरांनी तिला विचारलं होतं," ते म्हणाले. "अजून एक उपचार करून बघायचा का. ती म्हणाली, बाबांना विचारा. मी हो म्हटलं. बापाने दुसरं काय म्हणायचं?"

"बरोबरच केलंत, काका," बाई म्हणाल्या.

"मग ती अडीच महिने होती. ते अडीच महिने कसे होते, ते तुम्ही पाहिले नाहीत. शेवटी शेवटी तिला पाणी गिळायचंही जिवावर यायचं." त्यांनी बोटाने माझ्या झग्यावरची धूळ पुसली, बोट तिथेच राहिलं. "आत्ता मी बाबा म्हणून बसलेलो नाही. नियमाने आत्ता मी ती आहे. हो ना?"

वकिलाने मान हलवली.

"मग ती नाही म्हणतेय."

"काका, हा खेळ आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"म्हणून तर मला तिच्या वतीने बोलता आलं."

ते उठले. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. बाईंनी मला रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात द्यायला पाहिलं, त्यांनी घेतलं नाही. "घरी नेऊन मी तिचं काय करू," म्हणाले आणि जिना उतरले. पुन्हा ते कधी आले नाहीत.

त्यांच्यामागे खेळ दोनदा ठरला. पहिल्यांदा वकिलाने पुस्तक आणलं नाही, दुसऱ्यांदा लिफ्टवाला आला नाही. मग झेरॉक्सवाल्याने खोलीत कागदाचे गठ्ठे रचले. बाईंनी मला एका पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा शाळेच्या कपाटात, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे ठेवला. आज मी तिथे आहे. डब्यात अजगर आहे, विंचू आहेत, भालेवालाही आहे. झाकण बंद झाल्यावर आम्ही सगळे सारखेच आडवे. कपाट उघडतं, नकाशा निघतो, कपाट बंद होतं. आमचे रंग एकमेकांवर घासून उडायला लागलेत.

इथे मला विचार करण्यावाचून काम नाही, आणि विचार एकच आहे. बाबांनी जी मुलगी पाहिली, ती मी पाहिली नाही. दमलेली, पाणी नको म्हणणारी. मी पाहिली ती वेगळी. संध्याकाळ झाली, सगळे चपला घालायला लागले तरी ती मला घट्ट धरून बसायची आणि म्हणायची, "अजून एक दार उघडू या ना." ती हिऱ्यासाठी थांबली नसती. ती विधी अर्धा व्हायच्या आत उठून बसली असती.

की नसती? त्या अडीच महिन्यांनी ते दार उघडायची इच्छाही तिच्यातून काढून नेली असेल, तर बाबाच खरे. मला माहीत नाही. बाबांनाही माहीत नव्हतं, म्हणून तर त्यांचा हात माझ्यावर इतका थांबला.

तुम्ही माणसं एकमेकांच्या वतीने फार सहज बोलता. तिला आवडेल, तो नको म्हणेल, त्याला चालणार नाही. तो माणूस शेजारच्या खोलीत असतो, हाक मारली तर ओ देतो, तरी तुम्ही विचारत नाही. विचारा. त्याच्या तोंडून ऐका, मग ते हो असो की नाही.

माझ्यासाठी काही मागायचं राहिलं नाही. कधी डबा उघडलाच, तर मला उभं करून घोड्यांपाशी ठेवू नका. तिथे ज्याची वाट बघतात, तो परत येणारा असतो.